आणखी पाच मीटर

अव्या, काल रविवारी सकाळी मी लाल पेन घेऊन तुझा बायोडेटा तपासला. तुला जाऊन वीस दिवस झाले. गेलेल्या माणसाचा बायोडेटा तपासून काही उपयोग नसतो हे मलाही कळतं, पण हात शिवशिवत होते. सात पानं. दुसऱ्यांच्या पोरांना दोन पानांच्या वर एक ओळ जाऊ द्यायचा नाहीस तू, आणि स्वतःचा हा सातपानी ग्रंथ. दुसऱ्या पानापासून पाचव्यापर्यंत नुसती शोधनिबंधांची यादी. ज्याला साइटवर उभं राहून बोअरमधून वर आलेली माती वाचणारा माणूस हवाय, तो तुझे शोधनिबंध कशाला वाचेल? ‘फील्डवर्कचा भरपूर अनुभव’ असं मोघम लिहिलं म्हणून मागच्या वर्षी तू एका पोराला अर्धा तास सोलून काढलं होतंस. किती दिवस, कुठे, काय मोजलंस, नकाशा कोणत्या प्रमाणावर केलास, ते लिही म्हणून. तुझ्या सहाव्या पानावर तीच ओळ आहे. तिच्याखाली मी दोन रेघा मारल्या. दुसरी मारताना कागद फाटला.

तुझ्या रविवारच्या वर्गाच्या ग्रुपवर अजून संदेश येताहेत. सर देवमाणूस होते. सर कायम हसतमुख असायचे. हसतमुख होतास, तेच तर दुखणं आहे. मी त्या ग्रुपवर एक ओळही लिहिली नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि चारचौघांत भांडता येत नाही. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण’ असं मी तुला चिडवायचे, तेव्हा तू म्हणायचास, ‘जिऑलॉजीवाल्याला पाषाण म्हटलंस, आभारी आहे.’ सगळ्याला तुझ्याकडे असलं काहीतरी उत्तर असायचं. आता दे.

त्या मंगळवारी मी इथे सिंगापूरला, सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकखाली सईला शाळेच्या बसमध्ये बसवत होते, तेव्हा तुझ्या बिशानच्या घरमालकीण आंटीचा फोन आला. ‘मेधा, यू कम नाऊ. युवर फ्रेंड कॅनॉट वेक अप.’ तिच्या फ्रिजवर तू माझा नंबर लावून ठेवला होतास, काही झालं तर कळवायला म्हणून. मी पोचले तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सवाले सामान आवरत होते. झोपेतच हृदय बंद पडलं, असं त्यांनी सांगितलं. खोलीत तीन खोके दोरीनं बांधून ठेवलेले होते. मी त्यांच्याकडे बघतेय हे आंटीच्या लक्षात आलं. ती हळूच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘मंथ एंड ही मूव्हिंग आउट ऑलरेडी. ही नेव्हर टेल यू, मेह?’

नाही आंटी. ही नेव्हर टेल मी. तुझी मुदत या वर्षी वाढवलेली नव्हती. महिनाअखेर नोकरी संपत होती, नोकरीबरोबर इथे राहायचा पास, आणि पासबरोबर हा देश. सहा स्टेशनांवर राहणाऱ्या मैत्रिणीला हे घरमालकिणीकडून कळावं? तेही तू पलंगावर असा निपचित पडलेला असताना? मला त्या क्षणी रडू आलंच नाही, अव्या. मला तुला गदागदा हलवून उठवावंसं वाटत होतं, ते तुला वाचवायला नाही, जाब विचारायला.

पुण्याहून तुझे थोरले भाऊ, दादा आले. पहिल्यांदाच विमानात बसले ते, तुला न्यायला. इथल्या मंडाई भागातल्या स्मशानभूमीतून बाहेर आल्यावर बाकावर बसून त्यांनी मला विचारलं, ‘ताई, अविनाशचं नक्की काम काय होतं हो? आम्ही विचारलं की म्हणायचा, दगड. दर दिवाळीला म्हणायचा, यंदा कायम होतोय, मग बघू लग्नाचं.’ मी त्यांना पोस्टडॉक म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले. पीएचडी झाल्यावर करतात ते संशोधन, प्रोजेक्ट असेल तोवर पगार, वर्षावर्षानं मुदत वाढते, त्याची अशी आठ वर्षं वाढली. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे हंगामीच की.’ आठ वर्षं तू जे शंभर वाक्यांत गुंडाळून ठेवलंस ते त्या माणसानं एका शब्दात सांगितलं. जाताना तुझी निळी फाईल ते माझ्याकडे देऊन गेले. ‘यातलं मला काही कळत नाही, तुम्ही बघा.’ बायोडेटा त्यात होता.

हे सगळं कुठून सुरू झालं ते मला चांगलं आठवतं. एम.एस्सी.चा निरोप समारंभ, बटाटेवडे आणि पेढा, आणि आपल्या सरांचं भाषण. ‘विषयावर प्रेम करा, पोट आपोआप भरेल.’ तू पहिल्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्यास. सरांचं पोट वेतन आयोगावर भरत होतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. दोन वर्षांत एकाही माणसानं आपल्याला सांगितलं नाही की सरकारी भूवैज्ञानिकाच्या परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागते, की खाणीवाले काय विचारतात, की पाण्याचं काम वेगळं आणि पायाचं काम वेगळं. मातीचं वर्णन कसं लिहायचं हे आपल्याला कोणी शिकवलंच नव्हतं. माती ही खडकावरची घाण, ती झटकायची आणि हातोडा मारायचा, एवढंच शिक्षण. आणि जगातली निम्मी कामं तर त्या घाणीचीच निघाली. आपल्या वर्गातली मनीषा, जिनं सगळ्यात सुंदर नकाशा केला होता, ती आज बँकेत गृहकर्जाच्या फायली बघते. ती मजेत आहे, पण या विषयात काम मिळालं नाही ही तिला स्वतःची चूक वाटली, ती तिची नव्हतीच, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि तू तेच भाषण उचलून सिंगापूरला घेऊन आलास. बिशानला तुझ्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, जिथे चिनी आजोबा बुद्धिबळ खेळतात त्या सिमेंटच्या टेबलापाशी, दर रविवारी दहाला तुझा वर्ग भरायचा. इथे शिकायला आलेली, पदवी हातात घेऊन नोकरी शोधणारी मराठी पोरं. चार यायची, कधी सात. तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचास, एकेकाच्या हातात दगड ठेवायचास आणि म्हणायचास, ‘नाव शेवटी.’ आधी रंग सांगा, कण केवढे, किती कुजलाय, नखानं ओरखडा निघतो का, हातोडीनं किती घावांत फुटतो. हे सगळं झाल्यावर मग नाव. कोणी उतावळेपणानं ग्रॅनाइट म्हणून मोकळं झालं, की तू दगड काढून घ्यायचास. सईला एकदा मी बरोबर आणलं होतं. तू कण नीट दिसावेत म्हणून दगड जिभेनं ओला केलास, तर ती घरी जाऊन निखिलला म्हणाली, ‘बाबा, अवीकाका ईट स्टोन लाह.’ महिनाभर ती तुझ्या हातचं काही खात नव्हती.

मीही तिथे यायचे, दुसऱ्या अर्ध्या तासाला, तुझ्या शिकवणीवर बोळा फिरवायला. पायासाठी जमीन तपासणाऱ्या कंपनीत मी बारा वर्षं काढलीत, माझ्याकडे दहा अर्ज येतात तेव्हा मी कोणता बाजूला टाकते हे मला ठाऊक आहे. मी पोरांना सांगायचे, दगड पुरे झाले. इथल्या पद्धतीनं मातीचा लॉग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं याची नोंद, लिहायला शिका, नकाशाचं सॉफ्टवेअर शिका, थोडा पायथन शिका, कारण हजार बोअरचे आकडे हातानं कोणी मांडत नाही. सिव्हिलवाल्यांची भाषा शिका, कारण साहेब सिव्हिलचाच असणार. आणि जिऑलॉजीत काम मिळालं नाही तर दुसरं धरा, दगडापेक्षा वीट मऊ. तू चिडायचास. ‘मेधा, अजून दार वाजवलं नाही त्यांनी, तू आतून कडी कशाला लावतेस?’ मी म्हणायचे, ‘मी कडी लावत नाही, घरात किती माणसं मावतात ते सांगतेय.’ पोरं टेनिसची मॅच बघावी तशी मान इकडून तिकडे करायची. मग आपण सगळे मिळून शेजारच्या हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, प्यायला जायचो. भांडण दर रविवारी तिथेच अर्धवट राहायचं. मला वाटायचं, पुढच्या रविवारी संपवू.

माझ्यावर तुझे उपकार आहेत, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, म्हणून लिहिते. इथल्या माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. टेकडीच्या उतारावरची साइट होती. सहा मीटर लाल भुसभुशीत माती निघाली आणि मग मशीनचा आवाज बदलला. वर आला तो करड्या ग्रॅनाइटचा टणक, चकचकीत तुकडा. मला इतका आनंद झाला. एक मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, काढला, ‘सहा मीटरवर खडक’ असं लिहिलं आणि मशीन पुढच्या जागेवर हलवायला सांगितलं. ड्रिलिंगवाला तमिळ फोरमन म्हणाला, ‘मॅडम, फाइव्ह मीटर?’ खडक लागल्यावर आणखी पाच मीटर जाऊन खात्री करायची, हा तिथला नियम होता. मी म्हटलं, गरज नाही, चांगला पाषाण आहे.

संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात तुला फोटो दाखवला. तू नीट बघितलास आणि एवढंच विचारलंस, ‘याच्या खाली काय आहे?’

मी म्हटलं, खडकाच्या खाली काय असणार, खडक.

तू हसला नाहीस. म्हणालास, ही पुण्याची सवय. आपल्याकडे मुरूम संपून काळा दगड लागला की लागला, मग तो खाली कितीही खोल आहेच. ग्रॅनाइट तसा नसतो. तो भेगांमधून कुजत जातो आणि मधले गोळे तेवढे टणक राहतात. मऊ मातीत मोठमोठे धोंडे अडकलेले असतात, वरून बघणाऱ्याला वाटतं खडक लागला. आपल्या मातीतल्या माणसाकडून हमखास होणारी चूक आहे ही, मीही केली होती. आणि मग तू म्हणालास, ‘साहेबाला फोन कर. आत्ता.’ मी रडले. पास नवा होता, पहिल्या तीन महिन्यांत घरी पाठवतील असं वाटलं. तू बाजूला उभा राहून माझ्याकडून तो फोन करवून घेतलास.

दुसऱ्या दिवशी मशीन परत त्या जागेवर आलं. अडीच मीटरनंतर धोंडा संपला आणि खाली पुन्हा लाल माती, पुढचे चौदा मीटर. त्या धोंड्यावर कोणी इमारतीचा खांब टेकवला असता. साहेब खूप ओरडले, पण म्हणाले, स्वतःहून सांगितलंस म्हणून ठेवतो. तुझ्याकडे सेफ्टी कार्ड नव्हतं, त्यामुळे तुला आत सोडलं नाही. तू पत्र्याच्या कुंपणाबाहेर उन्हात उभा होतास, दोन्ही हातांत दोऱ्यांना लटकवलेल्या कोपीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन. माझी आजची नोकरी, घर, सईची शाळा, सगळं त्या एका प्रश्नावर उभं आहे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला माहीत असेल असं धरून चालले.

आता माझ्या ऑफिसच्या भागातल्या, पाया लेबारच्या त्या जेवणाकडे येते. हे लिहायचं मी सकाळपासून टाळतेय.

दोन महिन्यांपूर्वी तू माझ्या ऑफिसपाशी जेवायला आलास. तू कधी तिकडे येत नाहीस, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. इस्त्रीचा शर्ट होता. हातात निळी फाईल होती, ती तू बाकावर पालथी ठेवलीस. माझी मीटिंग होती, मी भराभर नूडल्स खात होते. तू म्हणालास, ‘तुमच्याकडे जागा आहे ना? एक जण आहे. पीएचडी, नंतर पोस्टडॉक. फील्ड उत्तम.’ तू नेहमी कोणा ना कोणासाठी विचारायचास, म्हणून मी मान वरही केली नाही. म्हटलं, वय? तू म्हणालास, ‘आपल्याच बरोबरीचा.’

यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हटलं, ‘मग कोण घेणार त्याला? साइटवर चाळिशीचा पीएचडी कोणाला हवाय, अव्या? फोरमन त्याचं ऐकणार नाही आणि साहेबाला तो डोईजड होईल. माझ्यापर्यंत अर्ज आला तर मीच बाजूला टाकीन. त्याला सांग, हा विचार दहा वर्षांपूर्वी करायचा होता. आता निदान पायथन तरी शीक म्हणावं.’

तू म्हणालास, ‘सांगतो.’

तेवढंच. मग मी विचारलं, ‘तू कसा आहेस? मुदत वाढली का?’ आणि तू म्हणालास, ‘होईल गं. मी ठणठणीत.’ हसलास. माझा ट्रे तुझ्या ट्रेवर ठेवलास आणि दोन्ही ठेवून आलास, कारण मला उशीर होत होता. मी ‘छान’ म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

त्या फाईलमध्ये बायोडेट्यावर एक पत्र आहे. माझ्या कंपनीच्या नावानं, त्या जेवणाच्या आदल्या दिवशीची तारीख घातलेलं. तो एक जण तूच होतास.

का नाही सांगितलंस? एवढं एकच मला तुला विचारायचं आहे आणि नेमकं त्याचंच उत्तर तू देऊ शकत नाहीस. ‘मेधा, नोकरी गेली’ हे तीन शब्द. लाज वाटली? माझी? तुझ्यासमोर मी साहेबाला फोन करून रडले होते. मला तू चूक कबूल करायला लावलीस आणि तुझ्यावर वेळ आली तेव्हा मुकाट्यानं ट्रे उचललास. पोरांसमोर ‘काम मिळतं, धीर धरा’ म्हणत राहिलास. शेवटच्या रविवारीसुद्धा म्हणालास, मी तिथे होते. याला मी धीर म्हणणार नाही. हा खोटेपणा आहे, आणि तो तू माझ्याशी केलास याचा मला भयंकर राग आहे.

आणि माझ्याबद्दल काय बोलू? रोज कोअर बॉक्सपाशी उभी राहून नव्या पोरांना बजावते, पहिला टणक तुकडा लागला म्हणून थांबू नका, आणखी पाच मीटर जा. तू ‘ठणठणीत’ म्हणालास आणि मी वरचा एक मीटर बघून थांबले. बारा वर्षांनी तीच चूक, आणि या वेळी मशीन परत नेऊन लावता येत नाही.

काल दहाला मी बिशानला गेले. वर्ग बंद झाला असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून पाच पोरं आली होती. बुद्धिबळवाल्या आजोबांनी टेबल रिकामं ठेवून शेजारी पट मांडला होता. एकानं मला विचारलं, ‘टीचर वेअर?’ मी वर बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि आपली सोंगटी पुढे सरकवली.

मी तुझा डबा बरोबर आणला होता, पण उघडला नाही. पोरांना म्हटलं, आज दगड नाही, आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे आणि ती तुमच्या सरांना आवडली नसती. मग सांगितलं. सरांकडे काम नव्हतं. आठ वर्षं त्यांना एकेक वर्षच मिळत होतं, आणि यंदा तेही मिळालं नाही. त्यांनी माझ्याकडे नोकरी मागितली आणि मी नाही म्हटलं. ते स्वतःसाठी मागताहेत हे मला कळलं नाही, पण कळलं असतं तरी मी काय केलं असतं ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तेव्हा विषयावर प्रेम करा, पण आपल्यावर काय वेळ आली आहे ते एका तरी माणसाला खरं सांगा. तयारी तिथून सुरू होते. बाकीचं मी शिकवीन.

मग मृणाल बोलली. साताऱ्याची, इथे वर्षभराचा मास्टर्सचा कोर्स करून बसलेली, तू जिला ‘हिला खडकाचा वास येतो’ म्हणायचास ती. म्हणाली, ‘मॅम, सर माझ्याकडे पायथन शिकत होते.’

मी विचारलं, कधीपासून?

‘दोन महिने झाले असतील. शनिवारी लायब्ररीत. म्हणाले, मेधा म्हणते शिकायला हवं, आणि ती कामाचं असेल तेवढंच बोलते. मला फी विचारली, मी नको म्हटलं, तर दर वेळी नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खायला न्यायचे.’

‘येत होतं का त्याला?’

‘नाही मॅम,’ ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली. ‘फार चुका करायचे. पण वहीत सगळं लिहून न्यायचे, गृहपाठ करून आणायचे. एक प्रोग्राम लिहायला घेतला होता त्यांनी. जुने बोअर लॉग टाकले की जी बोअर खडकात पाच मीटर जायच्या आत थांबवली असेल तिच्यापुढे लाल खूण यायला हवी. अजून चालत नाही तो.’

अव्या, तू ‘सांगतो’ म्हणाला होतास आणि खरंच जाऊन सांगितलंस, स्वतःला. मी तोंडाला येईल ते फेकलं होतं आणि तू ते उचलून, चाळिसाव्या वर्षी, तेवीस वर्षांच्या मुलीसमोर वही उघडून बसलास. माझ्यावर रागावून घरी गेला असतास तर मला आज सोपं गेलं असतं. मी तिथे टेबलावर हात ठेवून बसून राहिले. पोरांनी आपापसांत ठरवून डबा उघडला, आणि कोणी न सांगता एकेकानं दगड हातात घेऊन रंगापासून सुरुवात केली. नाव कोणीही आधी घेतलं नाही.

बारा वाजता सगळे उठले. मृणाल दगड पुसून डब्यात ठेवत मागे राहिली. तिच्या पासचे थोडेच आठवडे उरलेत, हे मला तूच सांगितलं होतंस. मी पर्स खांद्याला लावली, सईला पोहण्याच्या क्लासला सोडायचं होतं, आणि जाता जाता विचारलं, ‘तुझं कसं चाललंय गं?’

‘ठीक आहे मॅम. होईल काहीतरी,’ ती म्हणाली. हसली. अगदी तुझ्यासारखी हसली.

मी घड्याळ बघितलं. मग पर्स काढून टेबलावर ठेवली, परत खाली बसले आणि तिला विचारलं, ‘याच्या खाली काय आहे?’

तिचं हसू गेलं. ती समोरच्या बाकावर बसली. बराच वेळ नुसता डबा उघडत होती आणि बंद करत होती. मी उठले नाही.